मुशीचं मुद्दल

२०१६ साली मुंबईच्या ससून डॉकवर उतरलेल्या मालात एक मादी मुशी निघाली, २६६ सेंटीमीटर लांबीची. धक्क्यावर मुशी ही रोजचीच. मोठी असली तर लिलावात बोली जरा चढते, एवढंच. पण शार्कच्या नोंदी घेणाऱ्या संशोधकांच्या नजरेस ती पडली म्हणून ओळखली गेली. ती गंगा शार्क होती. जगातल्या अत्यंत दुर्मीळ शार्कपैकी एक, आणि तिची खात्रीची नोंद होऊन दहा वर्षांहून जास्त काळ लोटलेला. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत तिचं नाव २००१ पासून आहे, म्हणजे कागदावर ती वाघाच्या पंगतीला बसते. जाळ्यात शिरली तेव्हा मात्र तिच्या मागावर कुणी असण्याची शक्यता फार कमी. ती इतर माशांबरोबर आली आणि इतर माशांबरोबर धक्क्याला लागली.

शार्कच्या बेसुमार मासेमारीबद्दल आपल्याकडे जे काही वाचायला मिळतं, त्यात चित्र वेगळं असतं. दूर समुद्रात परदेशी जहाज, पर कापून घेतलेला आणि जिवंतच पाण्यात फेकून दिलेला शार्क, आणि पलीकडे चिनी मेजवानीतलं सूपचं वाडगं. हे चित्र खोटं नाही. पण त्यामुळे अपराधी नेहमी दुसराच कुणीतरी ठरतो. शार्क पकडणाऱ्या देशांत इंडोनेशियाच्या पाठोपाठ भारताचं नाव वर्षानुवर्षं वरच्या ओळीत आहे, आणि ते सूप आपण पीत नाही. आपण मुशी खातो.

रायगड-मुंबईकडे मुशी, मालवणकडे मोरी. ती शिजवणं हे काम आहे. कातडी हाताला वाळूच्या कागदासारखी लागते, म्हणून आधी कढत पाणी ओतून ती खरवडून काढायची. शार्कच्या रक्तामांसात युरिया असतो. मासा शिळा झाला की त्याचा अमोनिया होतो आणि नाकात झिणझिण्या आणणारा वास सुटतो. म्हणून मोरी ताजी हवी, हळद-मिठाच्या पाण्यात उकडून घेतलेली बरी. काटा नाही, फक्त मऊ कूर्चा, त्यामुळे लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना चालते. मग भाजलेल्या वाटपातलं मोरीचं सुकं, सोबत घावणे. बाळंतिणीला दूध येण्यासाठी लहान मुशी द्यावी, ही समजूत तर किनाऱ्यावर जुनीच आहे. हे सगळं इतकं घरगुती आहे की यात कुठे शिकार दडली असेल असं वाटतच नाही. आणि कोकणच्या बाजारात पसंती असते ती लहान, कोवळ्या मुशीला.

त्या लहान मुशीतही दोन प्रकार आहेत, आणि सगळा प्रश्न या फरकावर उभा आहे. एक प्रकार मुळातच लहान जातीचा. आपल्या किनाऱ्यावर सर्वांत जास्त मिळते ती चपट्या, फावड्यासारख्या नाकाची मुशी जेमतेम हात-दीड हात वाढते, एक-दोन वर्षांत वयात येते आणि एका वेळी डझनभर पिल्लंही देते. तिच्या पोटातलं काम पाहण्यासारखं आहे. अंडं अवघ्या मिलिमीटरभराचं. त्यात पिल्लाला पोसायला जवळजवळ काहीच नसतं. म्हणून आईच्या शरीरातून वार तयार होते, नाळ जोडली जाते आणि पिल्लू आईच्या रक्तावर वाढतं. माशांमध्ये इतकी प्रगत गर्भव्यवस्था दुसरी सापडणं कठीण. दुसरा प्रकार म्हणजे मोठ्या जातीच्या मुशीचं पिल्लू: काळ्या टोकांच्या परांची, हातोडीसारख्या डोक्याची, पुढे दोन-तीन मीटर वाढणारी. टोपलीत दोन्ही शेजारी शेजारी पडलेल्या असतात, भाव साधारण सारखाच. एक वयात आलेली, कदाचित दोनदा व्यालेली. दुसरी अजून सात-आठ वर्षं तरी आई होणार नव्हती.

मासेमारीचं साधं गणित असं की समुद्रात जे आहे त्याचं व्याज खायचं, मुद्दलाला हात लावायचा नाही. बांगडा, तारली, पापलेट यांचं व्याज घसघशीत असतं. एक मादी हजारांच्या, लाखांच्या हिशेबात अंडी सोडते. एखादं वर्ष वाईट गेलं तरी पुढचं चांगलं गेलं की भरपाई होते. शार्कचं व्याज जवळजवळ नाहीच. खोल पाण्यातली गल्पर शार्क एका वेळी एक-दोन पिल्लं देते आणि तिचं गर्भारपण दोन वर्षांच्या घरात जातं. उत्तरेच्या थंड पाण्यातल्या ग्रीनलंड शार्कचं वय २०१६ साली डोळ्यातल्या भिंगावरून काढलं, तेव्हा मादी वयात यायलाच दीडशे वर्षांच्या आसपास लागतात असा अंदाज निघाला. म्हणजे आज जी पहिल्यांदा विणार आहे ती टिळकांच्या तरुणपणी जन्मलेली. सगळ्याच जाती इतक्या सावकाश नाहीत, पण उशिरा वयात येणं, थोडी पिल्लं आणि लांबलेलं गर्भारपण ही या घराण्याची रीत आहे. चाळीस कोटी वर्षं ती चालली, कारण मोठ्या शार्कला मारणारं समुद्रात फारसं कुणी नव्हतं.

मुद्दल किती लवकर संपतं याचे पुरावे पंखांचा व्यापार फोफावण्याआधीचे आहेत. दुसऱ्या महायुद्धात युरोपातून येणारं कॉड माशाचं तेल बंद झालं आणि अ जीवनसत्त्वासाठी सगळ्यांची नजर शार्कच्या यकृताकडे वळली. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर सूपफिन नावाच्या शार्कमागे होड्यांची झुंबड उडाली. यकृताचा भाव सोन्यासारखा चढला. दहा वर्षंही झाली नाहीत तोवर मासा संपत आला, आणि मग प्रयोगशाळेत कृत्रिम अ जीवनसत्त्व तयार होऊ लागल्यावर धंदाच बसला. ती जात आज धोक्यातल्या जातींच्या जागतिक यादीत अतिसंकटग्रस्त आहे. त्याच काळात आपल्याकडेही शार्क लिव्हर ऑइलचे कारखाने निघाले. शार्कोफेरॉलची बाटली ज्यांच्या लहानपणी घरात होती त्यांना त्या चवीबद्दल सांगायला नको. पुढे १९६१ मध्ये नॉर्वेच्या बोटी पोरबीगल नावाच्या शार्कसाठी वायव्य अटलांटिकमध्ये उतरल्या. सहा वर्षांत तो साठा कोसळला. लहान-मोठी माणसं, गरीब-श्रीमंत देश, तेल-मांस-पर, बेहिशेब मासेमारीचा शेवट सारखाच.

आजचे जागतिक आकडे या जुन्या गोष्टीचीच मोठी आवृत्ती आहेत. खुल्या समुद्रातल्या शार्क आणि पाकटांची संख्या १९७० नंतरच्या पन्नास वर्षांत ७१ टक्क्यांनी घटली, असा हिशेब २०२१ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षीच्या दुसऱ्या आढाव्यानुसार शार्क-पाकटांच्या सुमारे बाराशे जातींपैकी एक तृतीयांशाहून जास्त जाती नष्ट होण्याच्या धोक्यात आहेत. आणि आपला अरबी समुद्र यात मागे नाही, पुढे आहे: इथल्या आणि लगतच्या पाण्यातल्या १५३ जाती तपासल्या तेव्हा निम्म्याहून अधिक, ७८, धोक्यात निघाल्या. पाँडिचेरी शार्क तर १९७९ नंतर खात्रीने हाती लागलेली नाही. करवतमाशाबद्दल किनाऱ्यावरचे म्हातारे तांडेल अजून बोलतात. त्यांच्या नातवांनी तो बहुधा फोटोतच पाहिला असेल.

मग पंखबंदीने काय साधलं? थोडं साधलं. चीनने २०१२ मध्ये सरकारी मेजवान्यांतून हे सूप हटवायचं ठरवलं, बास्केटबॉलपटू याओ मिंगसारखी मंडळी प्रचारात उतरली, मागणी उतरली. भारताने २०१३ मध्ये शार्क पंखांसकटच धक्क्यावर आणायचा असा नियम केला आणि २०१५ मध्ये पंखांची निर्यात थांबवली. तरी २०१८ च्या सप्टेंबरात महसूल गुप्तचर संचालनालयाने मुंबईतल्या शिवडीत आणि गुजरातेत वेरावळला मिळून आठ हजार किलो पंख पकडले. ते सुक्या मासळीच्या नावाखाली हाँगकाँग आणि चीनकडे जाणार होते. नियम आला की चोरवाट आलीच. पण खरी गोष्ट याहून अवघड आहे. २०२४ च्या सुरुवातीला ‘सायन्स’मध्ये आलेल्या अभ्यासाने २०१२ ते २०१९ या काळाचा हिशेब मांडला. याच काळात देशोदेशी पंख कापण्याविरुद्धचे कायदे झपाट्याने वाढले, आणि याच काळात मासेमारीत मरणाऱ्या शार्कची संख्या वर्षाला किमान ७ कोटी ६० लाखांवरून ८ कोटींवर गेली.

कारण सरळ आहे. ‘पंख कापून धड फेकू नका’ म्हटलं की धड घेऊन यावं लागतं. घेऊन आल्यावर ते विकावं लागतं. मग मांसाला बाजार शोधला जातो, आणि तो सापडतोही. ब्राझीलमध्ये शार्कचं मांस शाळा-इस्पितळांच्या जेवणापर्यंत पोचलं आहे. आपल्याकडे तो बाजार आधीपासून होता. आता त्यात पर्यटक आला. दहा किनारी राज्यांतल्या अडीच हजारांहून अधिक मत्स्याहारी रेस्तराँच्या पाहणीत वर्षाला सुमारे अडीचशे टन शार्क मांस खपतं असा अंदाज निघाला. गोव्यात दर तीन रेस्तराँमागे एकाहून जास्त ठिकाणी ते मिळत होतं; महाराष्ट्रात प्रमाण पाच टक्क्यांच्या आत. बागा-कळंगुटच्या पाटीवर ‘बेबी शार्क’ वाचून मागवणाऱ्याला आपण काय खातोय हे कळतं, पण त्या ‘बेबी’चा अर्थ त्याच्या लक्षात येत नाही. कोळ्याच्या घरातली आठवड्याची मोरी आणि सहलीला आलेल्याची हौस यांना एका तराजूत तोलणं मला मान्य नाही. जिथे कमी करता येण्यासारखं आहे तिथे आधी करावं, आणि ते ठिकाण हॉटेलचं मेन्यूकार्ड आहे. शिवाय मोठ्या शार्कच्या मांसात पारा साठतो. अमेरिकेत गरोदर स्त्रियांना शार्क टाळायलाच सांगतात. बाळंतिणीच्या ताटाचा विचार करणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यायला हरकत नाही.

आता ‘शार्क वाचवायचे कशाला’ या प्रश्नाचं नेहमीचं उत्तर. शार्क हा समुद्राचा राजा, तो गेला की सगळी अन्नसाखळी कोसळते. वाक्य ऐकायला छान आहे, पण त्याचा इतिहास सावध करणारा आहे. २००७ मध्ये ‘सायन्स’मध्येच एक गाजलेला लेख आला: अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मोठे शार्क कमी झाले, त्यामुळे गायनाकी पाकटं माजली, आणि त्यांनी शिंपल्यांचा शतकभराचा धंदा बुडवला. गोष्ट इतकी नीटस होती की ती पाठ्यपुस्तकांत गेली. पाकटं खा, खाडी वाचवा, अशी मोहीम निघाली. पाकटं धनुष्यबाणाने मारायच्या स्पर्धा भरल्या. २०१६ मध्ये दुसऱ्या शास्त्रज्ञांनी तोच पुरावा पुन्हा तपासला. ही पाकटं सात-आठ वर्षांनी वयात येतात आणि वर्षाला एकच पिल्लू देतात. सांगितलं गेलं त्या वेगाने ती माजूच शकत नव्हती. शिंपले आधीपासूनच घटत होते. म्हणजे शार्कच्या कैवाराने सुरू झालेली गोष्ट शार्कच्याच सावकाश वाढणाऱ्या भावंडांच्या कत्तलीपर्यंत गेली.

याचा अर्थ शार्कचं समुद्रात काही काम नाही असा नव्हे. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या शार्क बेमध्ये वर्षानुवर्षं झालेल्या निरीक्षणांतून वेगळं, आणि मला तरी जास्त पटणारं, चित्र पुढे आलं. तिथे टायगर शार्कचा वावर वाढला की समुद्रगायी आणि कासवं उथळ पाण्यातल्या भरघोस समुद्री गवतावरून बाजूला होतात, कमी चाऱ्याच्या पण सुरक्षित जागी चरतात. शार्क किती खातो यापेक्षा त्याच्या नुसत्या धाकाने गवताला उसंत मिळते. प्रत्येक समुद्रात हेच घडतं असं नाही. जातींप्रमाणे, जागेप्रमाणे काम बदलतं. म्हणून ‘शार्क गेला की सुरमई संपेल’ असली धमकी मच्छीमारांना देऊ नये. ते रोज समुद्रात असतात. खोटी भीती त्यांना लगेच कळते, आणि मग खऱ्या सांगण्यावरही विश्वास उरत नाही. मुद्दल संपल्यावर धंदा उरत नाही, हे कारण एकटंच पुरेसं आहे. मोरीचा भाव वर्षागणिक का चढतोय आणि मासा वर्षागणिक का लहान होतोय, हे त्यांना सांगावं लागत नाही.

भीतीची दुसरी बाजूही आहेच. २०२४ च्या फेब्रुवारीत पालघर जिल्ह्यात मनोरजवळ वैतरणा खाडीत एका तरुणावर मुशीने हल्ला केला आणि त्याचा पाय जबर जखमी झाला. बुल शार्क ही जात खाऱ्यातून गोड्या पाण्यात शिरते. खाड्यांच्या तोंडाशी आणि नद्यांच्या आत पिल्लं घालते. अशी घटना घडली की आठवडाभर बातम्या चालतात. जगभरात दर वर्षी विनाकारण झालेल्या शार्क हल्ल्यांत मरणाऱ्यांची संख्या सरासरी पाच-सहा असते, हा आकडा त्या तरुणाच्या घरी जाऊन सांगण्यासारखा नाही. पण धोरण ठरवताना तो डोळ्यांसमोर हवा.

कायद्याची कहाणी पाहिली तर सरकारने एकदा टोकाचं पाऊल उचलून पाहिलं आहे. मे २००१ मध्ये व्हेल शार्कला पहिल्या अनुसूचीत घेतलं. त्याच वर्षी जुलैत सरसकट सगळ्या शार्क-पाकटांना संरक्षण जाहीर झालं. किनाऱ्यावर ओरड झाली, आणि ती रास्त होती: कुठल्याही जाळ्यात मुशी येतेच, मग प्रत्येक होडीचा नाखवा गुन्हेगार ठरणार. डिसेंबरात यादी दहा जातींवर आली. त्यानंतर ती दोन दशकं जवळजवळ तशीच राहिली. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने तिच्यात भर पडली आणि आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध असलेल्या जातीही कायद्यात आल्या. एका फटक्यात सगळं बंद करायचं आणि विरोध झाला की बरंचसं सोडून द्यायचं, या दोन टोकांच्या मध्ये करण्यासारखं खूप होतं. ते कुणी केलं नाही.

मधलं काम कसं असतं हे व्हेल शार्कच्या बाबतीत गुजरातेत दिसलं. वेरावळच्या परिसरात या अवाढव्य, निरुपद्रवी माशाची शिकार होत असे. यकृताचं तेल होड्यांच्या लाकडाला पाणी लागू नये म्हणून लावत. माइक पांडे यांच्या ‘शोअर्स ऑफ सायलेन्स’ या २००० सालच्या माहितीपटाने ते देशापुढे आणलं आणि कायदा झाला. पण शिकार थांबली ती रामकथाकार मोरारीबापूंनी सांगितल्यावर: व्हेल शार्क ही बाळंतपणाला माहेरी येणारी लेक आहे. तिला कुणी मारतं का? बाळंतपणाची ही गोष्ट शास्त्राच्या कसोटीवर कितपत उतरते हा वेगळा प्रश्न, पण ती मनाला भिडली. २००४ पासून वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया, वनखातं आणि टाटा केमिकल्स यांनी मोहीम चालवली. जाळं कापून मासा सोडणाऱ्याला भरपाई मिळू लागली. आजवर नऊशेहून जास्त व्हेल शार्क मच्छीमारांनी स्वतः सोडले आहेत. महाराष्ट्रानेही डिसेंबर २०१८ पासून अशी योजना आणली: संरक्षित प्राणी जाळ्यातून सोडताना जाळ्याचं नुकसान झालं तर २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई. आपल्या किनाऱ्यावरही त्यातून कासवं सुटली, व्हेल शार्क सुटले.

मात्र व्हेल शार्क सोडता येतो, कारण तो जिवंत असतो. हातोडी शार्कचं तसं नाही. तिला आणि काळ्या टोकांच्या मुशीला श्वासासाठी पुढे पोहत राहावं लागतं; जाळ्यात अडकून थांबली की ती गुदमरते. रात्री सोडलेलं जाळं पहाटे ओढलं तर ती बऱ्याचदा मेलेलीच वर येते. तिला पाण्यात परत टाकायला लावणाऱ्या कायद्याने कुणाचंच भलं होत नाही: मासा मेलेला आणि मजुरी बुडालेली. म्हणून नुसती यादी पुरत नाही. जाळं कुठे, कधी आणि किती वेळ, हा प्रश्न सोडवावा लागतो.

तो सुटू शकतो. दक्षिण ऑस्ट्रेलियात गमी शार्कची मासेमारी दशकानुदशकं चालू आहे आणि मासाही टिकून आहे. तिथे जाळ्याची आस अशी ठेवली आहे की मधल्या वयाचे मासे अडकतात. पिल्लं निसटतात आणि मोठ्या, विणाऱ्या माद्यांचं डोकं आसेत शिरतच नाही. वर कोटा आहे. शार्क खायचाच नाही असं तिथे कुणी म्हणत नाही. मासळी-चिप्सच्या दुकानात तो रोज तळला जातो. मालदीवने दुसरी वाट धरली: २०१० मध्ये शार्क मासेमारी पूर्ण बंद केली, कारण त्यांच्याकडे डुबकी मारून शार्क पाहायला येणाऱ्यांचा पैसा मांसापेक्षा कितीतरी जास्त होता. कोकणाला मालदीवची वाट चालणार नाही. आपलं पाणी गढूळ, मासेमारी दाट, आणि एका जाळ्यात वीस जातींचे मासे. ऑस्ट्रेलियाचंही जसंच्या तसं उचलता येणार नाही, पण दिशा तिकडचीच आहे. फावड्या नाकाची मुशी खा, आवडीने खा. तीही आता धोक्याच्या उंबरठ्याशी आली आहे म्हणून हिशेबाने खा. मोठ्या जातींची पिल्लं जिथे दाट असतात ती खाड्यांची तोंडं आणि उथळ पट्टे पिल्लांच्या मोसमात जाळ्यांपासून मोकळे ठेवा. ते पट्टे कोणते हे मालवणपासून सातपाटीपर्यंतच्या तांडेलांना तोंडपाठ आहे. त्यांना विचारून आखलेली बंदी पाळली जाईल. मंत्रालयातून नकाशावर आखलेली पाळली जाणार नाही. मालवणच्या सागरी अभयारण्याची घोषणा १९८७ ची, आणि स्थानिक मच्छीमारांचा त्यावरचा रोष अजून गेलेला नाही.

राहिला पैशाचा प्रश्न, आणि तो सर्वांत अवघड आहे. भरपाईची योजना फाटलेल्या जाळ्याचे पैसे देते आणि तेही यादीतल्या प्राण्यासाठी. यादीत नसलेल्या मुशीचं जिवंत पिल्लू होडीवर आलं तर ते टोपलीत टाकलं की रोख पैसे आणि समुद्रात टाकलं की शून्य. हा मोबदला कोण देणार: सरकार, ते पिल्लू चढ्या भावाने विकणारी रेस्तराँ, की निर्यातीवर कमावणारे मोठे व्यापारी? मोठ्या ट्रॉलरचा धंदा कोळंबीवर चालतो, त्याला ही किंमत जाणवणारही नाही. छोट्या होडीवाल्याच्या घरात त्या टोपलीवर त्या दिवसाचं डिझेल निघतं.